लॉक-इन संपण्याआधी भाड्याचे घर सोडावे लागत आहे. नेमकी किती रक्कम देणे लागतो? (नाशिक)

प्रश्न — इंदिरानगरचा रहिवासी

नमस्कार. मी अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात नोकरीस असून पत्नी व मुलीसह इंदिरानगरमध्ये दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहतो. यंदाच्या १ जूनपासून चोवीस महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार झाला असून तो ऑनलाइन पद्धतीने रीतसर नोंदवलेला आहे. भाडे दरमहा १४,००० रुपये आहे आणि अनामत रक्कम म्हणून ४२,००० रुपये मालकांकडे जमा आहेत. आतापर्यंतचे प्रत्येक महिन्याचे भाडे मी पाच तारखेच्या आत बँकेतून पाठवलेले आहे.

कंपनीने आता माझी बदली चाकणला केली असून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मला तेथे रुजू व्हायचे आहे. त्यामुळे ३० नोव्हेंबरला घर रिकामे करावे, असा विचार आहे. अडचण अशी की, करारातील एका कलमानुसार पहिले बारा महिने लॉक-इनचे आहेत. या काळात दोन्ही पक्षांपैकी कोणालाही करार संपवता येणार नाही, आणि भाडेकरूने जागा सोडल्यास लॉक-इनच्या उरलेल्या महिन्यांचे भाडे त्याने एकरकमी द्यावे व अनामत रक्कमही जप्त व्हावी, असे त्यात लिहिलेले आहे. एक महिन्याच्या लेखी सूचनेची सोय आहे, परंतु ती बारा महिन्यांनंतरची. नोकरीतील बदलीचा उल्लेख करारात कोठेही नाही.

मालक देवळाली कॅम्पला राहणारे निवृत्त गृहस्थ आहेत. त्यांचे बोलणे सौजन्याचे आहे, पण म्हणणे ठाम आहे: सहा महिन्यांचे ८४,००० रुपये द्यावेत आणि अनामत विसरावी. म्हणजे माझ्या खिशातून एकूण १,२६,००० रुपये जाणार. ज्या एजंटमार्फत घर मिळाले, त्याने आणखी भीती घातली की, मी ऐकले नाही तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन दुप्पट भाडे वसूल करू शकतात. उलट कारखान्यातील सहकारी सांगतात की, आतापासूनच भाडे थांबवावे, अनामतीतून ते वळते होऊ द्यावे आणि निघून जावे. मला हे दोन्ही सल्ले पटलेले नाहीत. कायद्याने मी खरोखर किती देणे लागतो, आणि मालकांशी संबंध न बिघडवता यातून बाहेर पडण्याचा मार्ग कोणता, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ — दिवाणी वकील, सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक परिसर)

आपण कलमाचा आशय नेमका मांडलात हे चांगले केले, कारण अशा प्रश्नांचे निम्मे उत्तर कराराच्या मजकुरातच असते. पुढे लिहितो ते सर्वसाधारण मार्गदर्शन समजावे. मूळ कागद पाहिल्याशिवाय कोणत्याही वकिलाने त्याहून अधिक खात्री देऊ नये, असे माझे मत आहे.

आपला करार पट्ट्याचा (लीज) नसून परवान्याचा (लायसन्स) आहे. इझमेंट कायदा, १८८२ मधील कलम ५२ नुसार परवाना म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेचा ठरावीक उपयोग करण्याची मुभा. त्यातून मालमत्तेत कोणताही हक्क निर्माण होत नाही. याच कायद्याच्या कलम ६२ मध्ये परवाना कोणकोणत्या परिस्थितीत संपुष्टात आला असे मानावे हे दिले आहे आणि परवानाधारकाने तो स्वतःहून मालकाकडे परत करणे ही त्यांपैकी एक परिस्थिती आहे. थोडक्यात, आपल्याला त्या घरात राहण्यास कोणी भाग पाडू शकत नाही. वाद शिल्लक राहतो तो फक्त पैशांचा, आणि त्याचा निकाल भारतीय करार कायदा, १८७२ प्रमाणे लागतो.

त्या कायद्याचे कलम ७४ आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. करार मोडल्यास अमुक रक्कम द्यावी असे करारातच लिहिलेले असले, तरी समोरच्या पक्षाला ती संपूर्ण रक्कम आपोआप मिळत नाही. त्या रकमेच्या मर्यादेत राहून वाजवी ठरेल तेवढीच भरपाई मिळते. करारातील आकडा ही कमाल मर्यादा होय. फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास या १९६३ च्या निर्णयापासून सर्वोच्च न्यायालयाने हा दृष्टिकोन घेतलेला आहे. कैलाश नाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या २०१५ च्या निर्णयात तर न्यायालयाने स्पष्ट केले की, कलम ७४ खाली भरपाई मागण्यासाठी मुळात काही नुकसान झालेले असावे लागते. त्या प्रकरणात प्राधिकरणाने लिलावातील बोलीदाराची इसाऱ्याची रक्कम जप्त केली होती आणि तोच भूखंड पुढे कितीतरी अधिक किमतीला विकला होता. न्यायालयाने ती रक्कम परत करण्यास सांगितले. नुकसान मोजणे खरोखरच अशक्य असेल तेथे करारातील आकडा ग्राह्य धरता येतो, परंतु रिकाम्या फ्लॅटचे नुकसान मोजणे अवघड नसते. घर किती महिने रिकामे राहिले आणि नवीन भाडेकरू किती भाड्याने आला, एवढे कळले की हिशेब होतो.

याला जोडून कलम ७३ चे स्पष्टीकरण वाचावे. नुकसान ठरवताना, ते टाळण्याची किंवा कमी करण्याची कोणती साधने मालकापाशी उपलब्ध होती, हेही लक्षात घ्यावे लागते. म्हणजे आपण ३० नोव्हेंबरला ताबा दिला आणि मालकांनी १५ डिसेंबरपासून दुसऱ्या कुटुंबाला तेवढ्याच भाड्याने घर दिले, तर मे अखेरपर्यंतचे भाडे आपल्याकडून मागण्यास फारसा आधार उरत नाही. एकाच घराचे दोन भाडेकरूंकडून भाडे घेतल्यासारखे ते होईल. घर देण्याचा कोणताही प्रयत्न न करता ते मुद्दाम बंद ठेवून सहा महिन्यांचे भाडे मागितले, तरी हीच अडचण त्यांच्यापुढे उभी राहील. शिवाय आपल्या कलमात उर्वरित भाडे आणि अनामत जप्ती अशी दुहेरी तरतूद आहे. एकाच नुकसानीसाठी दोन वेळा वसुली करणारे कलम दंडाच्या स्वरूपाचे आहे, हा युक्तिवाद आपल्या बाजूने बळकट आहे.

मात्र यावरून लॉक-इनला काहीच किंमत नाही, असा निष्कर्ष काढू नये. आपण तो स्वेच्छेने स्वीकारलेला आहे, तो दोन्ही पक्षांना बंधनकारक आहे आणि बदली ही आपली अडचण असली तरी करारात नसल्याने ती सुटकेचे कारण ठरत नाही. मालकांचे जे खरे नुकसान होईल, ते भरून देणे आपल्यावर आहेच.

आता दुप्पट भाड्याबद्दल. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ मध्ये दुप्पट दराने नुकसानभरपाईची तरतूद आहे हे खरे, परंतु ती परवान्याची मुदत संपल्यानंतरही घर न सोडणाऱ्या व्यक्तीसाठी आहे. ते कलम मालकाला ताबा लवकर परत मिळावा यासाठी केलेले आहे. आपण तर ताबा स्वतःहून देऊ करत आहात. एजंटने ऐकीव गोष्ट चुकीच्या जागी चिकटवलेली दिसते.

सहकाऱ्यांचा सल्ला मात्र एजंटच्या धमकीहूनही अधिक नुकसानकारक आहे. भाडे थांबवल्यास थकबाकीदार आपण ठराल आणि आज आपल्या बाजूने असलेली सगळ्यांत मोठी गोष्ट, म्हणजे वेळेवर भाडे भरल्याची बँकेतील नोंद, स्वतःच्या हाताने घालवून बसाल. ताबा देईपर्यंतचे प्रत्येक महिन्याचे भाडे नेहमीप्रमाणे भरावे.

उत्तर २ — गंगापूर रोडची एक घरमालकीण

वकील साहेबांनी लिहिलेले सर्व मान्य आहे, तरी घरमालकाच्या बाजूनेही दोन शब्द लिहावेसे वाटतात, कारण अशा चर्चांमध्ये मालक म्हणजे अनामत गिळायला बसलेला माणूस असेच चित्र बहुधा उभे राहते.

लॉक-इन आम्ही हौसेने घालत नाही. नाशिकमध्ये कुटुंबे घरे बदलतात ती मुख्यतः एप्रिल ते जूनमध्ये, शाळांच्या सुट्टीच्या सुमारास. दिवाळीनंतर मुलांची शाळा मध्यावर असते, त्यामुळे इंदिरानगर किंवा पाथर्डी फाट्यासारख्या कुटुंबवस्तीच्या भागात डिसेंबरमध्ये चांगला भाडेकरू मिळणे मे महिन्याइतके सोपे नसते. घर रिकामे राहिले तरी सोसायटीचा मेन्टेनन्स, घरपट्टी आणि बहुतेकांच्या बाबतीत गृहकर्जाचा हप्ता थांबत नाही. त्यात प्रत्येक नव्या भाडेकरूच्या वेळी रंगकाम, किरकोळ दुरुस्ती आणि एजंटची दलाली यांचा खर्च नव्याने येतो. माझ्या फ्लॅटमधील एक भाडेकरू असेच हिवाळ्यात सोडून गेले आणि पुढचे कुटुंब शाळेच्या परीक्षा आटोपल्याशिवाय आले नाही. तेव्हापासून माझ्या करारात लॉक-इन असते, आणि जे कुटुंब दीर्घ काळ राहण्याचे आश्वासन देते त्याच्यासाठी मी भाड्यात थोडी सूटही देते. तुमच्या मालकांनीही तशी सूट दिली होती का, हे आठवून पाहा. दिली असेल तर ती त्यांच्या मनात नक्की असणार.

तुमचे मालक निवृत्त आहेत म्हणता. दरमहाचे १४,००० रुपये हा त्यांच्या घरखर्चाचा भाग असण्याची शक्यता आहे. अशा माणसाला कायद्याची कलमे दाखवली, तर तो अधिकच ताठर होतो. त्याला उत्तर हवे असते ते एकाच प्रश्नाचे: डिसेंबरचे भाडे कोठून येणार? तुम्ही आजच त्यांच्याकडे जावे, बदलीचा आदेश दाखवावा आणि नवा भाडेकरू शोधण्याची जबाबदारी तुमची आहे असे सांगावे. फोनवर सांगू नये. देवळालीला समक्ष जाऊन, शक्यतो पत्नीसह जाऊन बोलावे. घर आजच आवरून ठेवावे, येणाऱ्या कुटुंबांना ते दाखवण्यासाठी रविवार मोकळा ठेवावा आणि कारखान्यातील सहकाऱ्यांमध्ये चौकशी करावी. बदल्या येतात तशा जातातही. चाकणहून अंबडला येणारे कोणी असेलच.

सहा महिन्यांचे भाडे आणि वर अनामत ही मागणी मात्र मलाही अवाजवी वाटते. मी तुमच्या मालकांच्या जागी असते, तर घर रिकामे राहिल्याचे भाडे आणि नव्या कराराचा खर्च एवढे मागितले असते व उरलेली अनामत परत केली असती.

उत्तर ३ — भाडेकरार नोंदणी सेवा, कॉलेज रोड

आमचे काम ऑनलाइन भाडेकरार नोंदवून देण्याचे आहे, त्यामुळे मी व्यवहाराच्या बाजूने लिहितो.

सर्वप्रथम, नवा भाडेकरू मिळाला तरी त्याला तुमच्या कराराखाली परस्पर राहायला देऊ नये. निवासी परवाना हस्तांतरित करता येत नाही, आणि पोटभाडेकरू ठेवण्यास तुमच्या करारातही निश्चितच मनाई असणार. नव्या कुटुंबाचा मालकांशी स्वतंत्र करार व्हायला हवा, त्याची स्वतंत्र नोंदणी व्हायला हवी आणि भाडेकरूची माहिती पोलिसांकडे नव्याने द्यायला हवी. याचा खर्च किती, हे ठाऊक असले की बोलणी सोपी होतात. मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि अनामतीवर दरसाल दहा टक्के दराने धरलेले व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का असते. अकरा महिन्यांचा, याच भाड्याचा आणि याच अनामतीचा करार धरला, तर भाडे १,५४,००० रुपये आणि व्याज ३,८५० रुपये, म्हणजे १,५७,८५० रुपयांवर सुमारे ३९५ रुपये शुल्क लागते. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये आहे. त्यात दस्त हाताळणी शुल्क आणि आमच्यासारख्यांची सेवा फी मिळवली, तरी हा खर्च एका महिन्याच्या भाड्याच्या कितीतरी आत राहतो. तो तुम्ही स्वतःहून देऊ करावा. रक्कम लहान आहे, पण मालकांच्या मनावरचा मोठा भार त्याने उतरतो. तुमच्या आधीच्या करारावर भरलेले शुल्क मात्र परत मिळेल अशी अपेक्षा धरू नये.

दुसरी गोष्ट कागदाची. तोंडी समझोत्यावर किल्ल्या देऊ नयेत. दोन्ही पक्षांच्या सह्यांचे एक समाप्तीपत्र करावे. त्यात मूळ कराराचा दस्त क्रमांक व दिनांक, परवाना परस्पर संमतीने कोणत्या तारखेस संपला, रिकामा ताबा व किल्ल्यांचे किती जोड मिळाले, अनामतीतून किती रक्कम कशापोटी वळती केली, उरलेली रक्कम कोणत्या तारखेस कोणत्या खात्यात जमा केली आणि यापुढे दोन्ही पक्षांचे एकमेकांकडे काहीही येणे नाही, एवढे स्पष्ट लिहावे. करारावर पती-पत्नी दोघांची नावे असतील तर दोघांच्याही सह्या घ्याव्यात; मालकी संयुक्त असेल तर दोन्ही मालकांच्या. ही शेवटची बाब अनेकजण विसरतात आणि नंतर दुसरा मालक उभा राहतो.

ताबा देण्याच्या दिवशी महावितरणच्या मीटरचे रीडिंग दोघांसमोर टिपून त्याचे छायाचित्र काढावे, कारण शेवटचे वीजबिल तुम्ही गेल्यानंतर येते आणि त्या बिलाच्या नावाखाली अनामतीचा काही भाग अडकून राहतो. अंदाजे रक्कम ठरवून त्याच दिवशी मिटवावी. भिंती, नळ, पंखे, दारे यांचेही व्हिडिओ चित्रण करावे. नेहमीच्या वापराने होणारी झीज आणि मोडतोड यांत फरक आहे. भिंतीचा रंग थोडा उतरला म्हणून अनामत कापली जाऊ नये, पण फुटलेल्या बेसिनचे पैसे द्यावे लागतील.

सामान हलवण्यापूर्वी सोसायटीच्या कार्यालयात विचारून घ्यावे. पुष्कळ सोसायट्यांमध्ये मालकाचे पत्र दाखवल्याशिवाय सुरक्षारक्षक टेम्पो बाहेर जाऊ देत नाही आणि ऐन वेळी फाटकावर हुज्जत होते.

प्रश्नकर्ता — इंदिरानगरचा रहिवासी

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. ताईंनी विचारले म्हणून सांगतो, मालकांनी सुरुवातीस १५,००० रुपये भाडे सांगितले होते आणि दोन वर्षे राहणार असल्याचे आम्ही सांगितल्यावर ते १४,००० वर आले. ही गोष्ट माझ्या ध्यानातून निसटली होती.

दोन शंका उरतात. पहिली अशी की, मी भाडेकरू आणून दिला आणि मालकांनी काही कारणाने तो नाकारला, तर माझी जबाबदारी संपते का? आणि दुसरी, समझोता झालाच नाही आणि मी ताबा देऊन निघून गेलो, तर अनामत परत मिळवण्यासाठी कोठे दाद मागावी? ४२,००० रुपयांसाठी चाकणहून नाशिकच्या न्यायालयात खेटे घालणे मला परवडणारे नाही.

उत्तर ४ — दिवाणी वकील, सीबीएस

हजार रुपयांच्या सवलतीची माहिती उपयोगी आहे, आणि ती आपल्याविरुद्ध जाणारी असूनही आपण सांगितली म्हणून तिचा विचार करतो. दीर्घ मुदतीच्या भरवशावर भाडे कमी झाले असेल, तर जूनपासूनच्या सहा महिन्यांचा हा फरक, म्हणजे ६,००० रुपये, मालकांच्या नुकसानीच्या हिशेबात धरणे न्याय्य ठरेल. समजा, घर डिसेंबरचा एक महिना रिकामे राहिले आणि जानेवारीपासून तेवढ्याच भाड्याने गेले, तर एका महिन्याचे १४,०००, सवलतीचे ६,००० आणि नव्या करारासाठी व दलालीसाठी ठरेल ती रक्कम असा हिशेब होतो. दलाली महिनाभराच्या भाड्याइतकी धरली तरी बेरीज अनामतीच्या आत राहते आणि काही रक्कम आपल्या हाती परत येते. बोलणीला बसताना हा आकडा समोर ठेवावा. १,२६,००० रुपयांवरून घासाघीस सुरू करू नये. आपल्या कंपनीच्या बदलीविषयक नियमांत घर बदलण्याचा खर्च किंवा भाड्याचे नुकसान भरून देण्याची सोय आहे का, हेही मनुष्यबळ विभागाला विचारावे. असेल तर ती आपण होऊन कोणी सांगत नाही.

पहिल्या शंकेचे उत्तर. कोणाला घर द्यावे हे ठरवण्याचा अधिकार मालकांचाच आहे आणि आपण सुचवलेली व्यक्ती त्यांनी स्वीकारलीच पाहिजे असे नाही. तथापि, ज्याचे उत्पन्न, नोकरी आणि कुटुंब सर्व दृष्टींनी आपल्यासारखेच आहे असा भाडेकरू त्याच भाड्याने तयार असताना कोणतेही कारण न देता त्याला नाकारले, तर त्यानंतरचे नुकसान मालकांनी स्वतः ओढवून घेतले असे म्हणण्यास आपल्याला वाव मिळतो. मात्र त्याचा पुरावा हवा. म्हणून प्रत्येक इच्छुकाची माहिती मालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा ईमेलवर लेखी पाठवावी आणि त्यांचे उत्तरही लेखीच मागावे.

दुसऱ्या शंकेबाबत. समझोता होवो न होवो, जागा सोडण्याची लेखी सूचना आजच्या तारखेने स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवावी आणि तीत ताबा देण्याचा दिवस व वेळ कळवावी. भाषा नम्र असावी, कलमांची सरबत्ती नसावी. मालकांनी किल्ल्या घेण्यास नकार दिला, तर त्या दिवशी साक्षीदारांसमोर घराची स्थिती नोंदवून ताबा देऊ केल्याचे पुन्हा लेखी कळवावे. किल्ल्या स्वतःजवळ ठेवून चाकणला निघून जाऊ नये. ताबा आपल्याकडेच होता असे म्हणण्याची संधी त्यातून मिळते.

अनामतीसाठी थेट दावा दाखल करण्यापूर्वी जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार दावा दाखल होण्याआधीचे वादही लोकअदालतीत ठेवता येतात, त्यासाठी न्यायालय शुल्क लागत नाही आणि तेथे झालेल्या तडजोडीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा अमलात आणता येतो. अट एवढीच की, दोन्ही पक्ष राजी असले पाहिजेत. ते न जमल्यास वसुलीचा दिवाणी दावा हा मार्ग उरतो आणि त्यासाठी साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. म्हणजे घाईने भांडण करण्याचे कारण नाही. या टप्प्यापर्यंत जाण्याची वेळ येईल असे मला आपल्या मालकांच्या वर्णनावरून वाटत नाही.

प्रतिक्रिया — सिडकोतील भाडेकरू

विषय जवळचा असल्याने येथेच विचारतो. आमच्या मालकांनी नोंदणी केलेली नाही. मुद्रांकावर टंकलिखित करार करून नोटरीचा शिक्का मारून घेतला आहे. लॉक-इन त्यातही आहे. मला फेब्रुवारीत घर सोडायचे आहे. एका ठिकाणी असे वाचले की, नवीन आदर्श भाडेकरू कायद्याने दोन महिन्यांपेक्षा जास्त अनामत घेता येत नाही. ते आम्हाला लागू होते का?

उत्तर ५ — दिवाणी वकील, सीबीएस

आपण म्हणता तो आदर्श भाडेकरू कायदा केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये मंजूर केलेला नमुना आहे. राज्य विधिमंडळाने त्याप्रमाणे कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही, आणि महाराष्ट्रात भाड्याचे व्यवहार १९९९ च्या अधिनियमानेच चालतात. दोन महिन्यांच्या मर्यादेचा आधार घेऊन मालकांशी वाद घालू नये. समाजमाध्यमांवर दर काही महिन्यांनी 'भाड्याचे नवे नियम' म्हणून फिरणाऱ्या संदेशांपैकी बरेचसे यावरच बेतलेले असतात.

आपली खरी बाजू वेगळीच आहे. १९९९ च्या अधिनियमातील कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी असणे आणि नोंदवणे बंधनकारक असून नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकलेली आहे. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. नोंदणी नसल्यास, कोणत्या अटींवर जागा दिली गेली याबाबत भाडेकरूचे म्हणणे, ते खोटे ठरेपर्यंत, ग्राह्य धरले जाते. आणि कसूर करणाऱ्या मालकास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. त्याशिवाय दस्तावर पुरेसे मुद्रांक शुल्क भरलेले नसेल, तर ते दंडासह भरेपर्यंत तो दस्त पुराव्यात स्वीकारला जात नाही. लॉक-इनचे कलम पुढे करून पैसे मागणाऱ्या मालकाला आधी हे सगळे अडथळे ओलांडावे लागतील.

तरीही ज्या कागदावर आपण स्वतः सही केली आहे, त्यात लॉक-इन नव्हतेच असे म्हणण्याच्या फंदात पडू नये. नुकसानीचा वाजवी हिशेब आपल्यालाही इंदिरानगरच्या मित्रांप्रमाणेच करावा लागेल. बोलणीत आपला हात थोडा वर राहील, इतकेच.

प्रश्नकर्ता — इंदिरानगरचा रहिवासी

येत्या रविवारी मालकांकडे जाण्याची वेळ ठरवली आहे. बदलीचा आदेश, भाडे भरल्याचे बँकेचे विवरण आणि वकील साहेबांनी दिलेला हिशेब सोबत नेत आहे. आमच्याच विभागातील एका सहकाऱ्याचे मेहुणे सातपूरला बदलून येत असून त्यांनी घर पाहण्याची तयारी दाखवली आहे. त्यांना जानेवारीपासून घर हवे आहे. मालकांशी बोलण्याआधी त्यांना घर दाखवावे की नंतर?

उत्तर ६ — गंगापूर रोडची एक घरमालकीण

मालकांच्या कानावर आधी घाला. त्यांच्या परवानगीशिवाय अनोळखी माणसे घर पाहून गेल्याचे शेजाऱ्यांकडून कळले, तर होत आलेली गोष्ट बिघडेल. रविवारी या कुटुंबाची माहिती लिहूनच न्या आणि घर दाखवताना मालकांना स्वतः हजर राहण्याची विनंती करा. जानेवारीचा भाडेकरू समोर उभा असेल, तर डिसेंबरच्या एका महिन्यावर बोलणी येऊन ठेपते. त्या महिन्याचे पूर्ण भाडे तुम्ही मान्य करून टाकावे, असा माझा सल्ला आहे.